टँक भाड्यानं मिळेल, खरं आधी दुकानदार तुला तपासेल

पत्र:

ताई, मी उद्यमबागात एका हायड्रॉलिक्सच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहे, राहायला अनगोळात. मी आणि माझा खानापूरचा मावसभाऊ, दोघांनी स्कूबा डाइव्हिंगचा ओपन वॉटर म्हणजे पहिला कोर्स केला, मागच्या हिवाळ्यात अंदमानला त्याच्या वरचा ॲडव्हान्स्ड पण केला, प्रत्येकाच्या वीस-पंचवीस डाइव्ह झाल्यात. नोव्हेंबरात बालीला जायचं ठरलंय. गाइडचे पैसे वाचवून नुसते हवेचे टँक भाड्यानं घ्यायचे आणि आमचं आम्ही उतरायचं असा प्लॅन आहे. तीन दुकानांना मेल केले. एकानं गाइडशिवाय टँक देणार नाही म्हणून सरळ सांगितलं. दुसऱ्यानं वीस प्रश्न विचारले. तिसऱ्यानं ‘येस, कम’ एवढंच लिहिलं आणि भाव टाकला. तिसऱ्याकडनंच घ्यावा म्हणतोय. टँकमध्ये नक्की काय बघायचं? स्वतःचा टँक विकत घेऊन नेला तर? पुढं कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटावर जायचं स्वप्न आहे. आणि सराव म्हणून जायच्या आधी गोव्यात डाइव्ह मारून त्याच संध्याकाळी चोर्ला घाटातनं घरी यायचंय, चालतंय न्हवं? आईला अजून सांगितलेलं नाही.

— एक वाचक, अनगोळ, बेळगाव

उत्तर:

अरे बाबा, तीन उत्तरांतलं नेमकं नको ते निवडलंस की! ‘येस, कम’ म्हणणाऱ्यानं तुला काहीच विचारलं नाही, तुझं कार्ड कुठल्या लेव्हलचं, शेवटची डाइव्ह कधी, कुठल्या साइटवर जाणार, काहीच नाही. जो माणूस टँक कुणाच्या हातात जातोय ते बघत नाही तो टँकच्या आत काय भरलंय ते तरी बघत असेल का? असेलही एखादा, नुसता आळशी असेल मेल लिहायला, खरं मी तरी ह्या भरवशावर पाण्यात उतरणार नाही. तुझा माणूस तो वीस प्रश्नवाला. त्याला आजच उत्तर लिही.

पहिल्यानं नाही म्हटलं त्याचा राग धरू नको. काही ठिकाणी कायदा तसा असतो, काही ठिकाणी त्यांचा इन्शुरन्स तसा असतो, आणि काही ठिकाणी समुद्रच तसा असतो की शहाणा माणूस परक्याला एकटं सोडत नाही. बालीतच बघ, नुसा पेनिडा बेटाला पाणी कधी आडवं ओढतं कधी सरळ खाली ओढतं, तिथं गाइडशिवाय टँक मागणारा गिऱ्हाईक आला तर नाही म्हणणारं दुकान चांगलं समजायचं. मालदीवला तर मनोरंजनाच्या डाइव्हिंगला ३० मीटरची मर्यादा नियमातच आहे, आणि रिसॉर्टच्या समोरच्या हाउस रीफवर दोघांना सोडतात ते सुद्धा बऱ्याच ठिकाणी चेक डाइव्ह, म्हणजे त्यांच्या माणसासमोर करून दाखवायची डाइव्ह, बघितल्यावर.

आता वीस प्रश्न. त्याला लागतं काय तर दोघांच्या सी-कार्डचे (कोर्स पास झाल्याच्या कार्डाचे) फोटो, लॉगबुकची शेवटची काही पानं (तारीख, खोली, ठिकाण दिसलं पाहिजे, नुसते शिक्के नकोत), मेडिकल फॉर्म, इन्शुरन्सचा कागद, आणि कुठल्या साइटवर किती वाजता जाणार ते. मेडिकल फॉर्ममध्ये दमा, बीपी, कानाचं ऑपरेशन असले प्रश्न असतात, त्यात एकाचं जरी ‘हो’ आलं तरी डॉक्टरची सही लागते. ती सही हितंच घेऊन जा. तिथं काउंटरवर खोटं ‘नाही’ लिहायचा मोह होतो, बरेच जण करतात, आणि मग काही झालं की इन्शुरन्सवाला तेवढाच कागद बाहेर काढतो. इन्शुरन्सचं म्हणशील तर ट्रॅव्हल एजंटनं तिकिटाबरोबर दिलेली पॉलिसी नीट वाच, बऱ्याच पॉलिसीत स्कूबा वगळलेलं असतं नाहीतर खोलीची अट असते. डायव्हरांसाठी वेगळा विमा मिळतो, डॅनचा (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) सगळ्यांना माहीत आहे, डिकम्प्रेशन चेंबरचा, म्हणजे वर येताना अंगात नायट्रोजनचे बुडबुडे झाले की ज्या दाबाच्या खोलीत ठेवतात तिचा, खर्च स्वतःच्या खिशातनं करायची पाळी आली तर तू गाइडचे वाचवलेले पैसे विसरून जाशील.

स्वतःचा टँक न्यायचं डोक्यातनं काढ. भरलेला टँक विमानात चालत नाही, रिकामा न्यायचा तर वॉल्व्ह काढून आतनं दिसेल असा उघडा ठेवावा लागतो, वजन पंधरा किलोच्या आसपास म्हणजे निम्मं सामान तिथंच संपलं. आणि एवढं करून तिथल्या दुकानानं त्याच्यावरचा शिक्का ओळखला नाही तर भरून देणार नाही. म्हणून जगभर लोक रेग्युलेटर (टँकची हवा तोंडाला देणारं यंत्र), मास्क, मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर स्वतःचं नेतात आणि टँक आणि कमरेला लावायचं शिसं तिथं घेतात. जुना टँक कुठं स्वस्तात मिळतोय म्हणूनही घेऊ नको. तू थ्रेडमधला माणूस आहेस म्हणून सांगते, एम २५ चा (मिलिमीटरच्या आट्यांचा) वॉल्व्ह पाऊण इंची बीएसपी (इंचाच्या आट्यांच्या) टँकमध्ये जातो, बसल्यासारखा वाटतो सुद्धा, आणि प्रेशर चढलं की उडतो, माणसं मेलीत असल्या चुकीनं. आणि तुमच्या वर्कशॉपच्या कंप्रेसरचा विचार तर स्वप्नात पण नको, आठ-दहा बारची ती हवा तेलकट असते आणि टँकला लागतात दोनशे बार, ह्या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंधच नाही.

काउंटरवर टँक पुढ्यात आला की काय बघायचं ते सांगते. घरी गॅस सिलिंडर आला की आपण कॉलरच्या आतल्या पट्टीवर ए-बी-सी-डी आणि वर्ष बघतो न्हवं, तसंच इथं टँकच्या खांद्यावर ठोकलेले आकडे बघायचे. शेवटची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) कधी झाली त्याचा महिना-वर्ष तिथं असतो. अमेरिकेत ही टेस्ट दर ५ वर्षांनी आणि आतनं डोळ्यांनी तपासणी दर वर्षी करतात, बाकी देशांत मुदत थोडी इकडंतिकडं. तुला हायड्रो टेस्ट शिकवायला नको, वर्किंग प्रेशर २०७ बार असलेला ॲल्युमिनियमचा टँक तिथं पाण्यानं भरून त्याच्या पाच तृतीयांश, म्हणजे ३४५ बारपर्यंत चढवतात आणि परत आल्यावर किती फुगलेला राहिला ते मोजतात. शिक्का दिसत नसेल, रंगाचे थर चढवून बुजवलेला असेल, तर दुसरा माग. १९९० च्या आधीचा ॲल्युमिनियम टँक दिसला तर हातच लावू नको, त्या काळात ६३५१ नावाचा मिश्रधातू वापरायचे त्याला मानेपाशी थ्रेडजवळ तडे जायचे, म्हणून बरीच दुकानं आता असले टँक भरतच नाहीत. टँकच्या बुडाला रबरी बूट असेल तर खाली सरकवून बघ, खारं पाणी तिथं साठतं आणि स्टीलच्या टँकचा बूड तिथनंच खातं.

मग वॉल्व्ह. रेग्युलेटर तुझा डिन (वॉल्व्हमध्ये आट्यांनी फिरवून बसणारा) आहे का योक (वरनं चिमट्यासारखा आवळायचा) हे आधी मेलमध्ये लिहून टाक, कारण आशियात बहुतेक योक चालतो, युरोपात डिन, आणि ज्याच्याकडं डिन आहे त्यानं एक ॲडाप्टर बॅगेत टाकला की जगात कुठंही अडत नाही. उलटं मात्र त्रासाचं, योकचा रेग्युलेटर नुसत्या डिनच्या वॉल्व्हवर बसत नाही, त्या वॉल्व्हमध्ये बसणारा इन्सर्ट दुकानात असला तरच जमतं, आणि ३०० बारच्या डिन वॉल्व्हला तर इन्सर्ट पण नसतो. योकची ओ-रिंग, म्हणजे हवा गळू नये म्हणून असलेली रबरी कडी, टँकच्या वॉल्व्हवर असते म्हणजे ती तुझी नाही, तुझ्या आधीच्या पन्नास जणांनी घासलेली आहे. बोट फिरवून बघ, चपटी झालीय का, चीर आहे का. ०१४ साइझच्या पाच-सहा ओ-रिंग आणि त्या काढायचं पितळी नाहीतर प्लॅस्टिकचं टोक घेऊन जा, वजन काहीच नाही. लोखंडी टाचणीनं उचकटू नको, खोबणीला ओरखडा गेला की नवीन ओ-रिंग घालूनही फुसफुसत राहतो.

हवेचं सांगते, ह्यात घाई नको. रेग्युलेटर लावायच्या आधी वॉल्व्ह अगदी किंचित उघडायचा, तोंड आपल्याकडं न करता, आणि निघालेल्या हवेचा तळहातावरनं वास घ्यायचा. चांगल्या हवेला वासच नसतो. जळक्या तेलाचा, रबराचा, कुबट, गोडसर, कसलाही वास आला तर तो टँक परत. हे तर झालं. खरं सगळ्यात वाईट जो आहे त्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो येतो दोन वाटांनी, कंप्रेसरच्या हवा ओढायच्या पाइपजवळ कुणीतरी गाडी नाहीतर जनरेटर चालू ठेवतो, नाहीतर कंप्रेसर इतका तापतो की आतलं तेलच करपतं. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त ओढीनं त्याला धरतं, आणि ३० मीटरवर सभोवतालचा दाब चारपट म्हणजे वर जे चालून गेलं असतं ते खाली चारपट होऊन येतं. म्हणून युरोपात श्वासाच्या हवेत ५ पीपीएमच्या (दहा लाखात पाच भागांच्या) वर चालत नाही, अमेरिकेत १० पीपीएम.

मग करायचं काय? दुकानाला विचार, हवेची टेस्ट कधी केली, रिपोर्ट दाखवता का, फिल्टर कधी बदलला. चांगला दुकानदार खूष होऊन भिंतीवरचा कागद दाखवतो. जमलं तर कंप्रेसरची खोली बघून ये, तू कारखान्यातला माणूस, दोन मिनिटांत कळेल तुला. मी एका देशात, नाव सांगत नाही, कंप्रेसरच्या खोलीमागं गेले तर हवेचा पाइप खिडकीतनं बाहेर काढलेला आणि बरोबर त्याच्या खाली डिझेल जनरेटरचं धुराडं, त्या दिवशी वीज गेलेली, जनरेटर धडधडतोय आणि वर टँक भरायलेत. धुराच्या काळ्या रेघा पाइपच्या तोंडापर्यंत भिंतीवर उमटलेल्या. दुकान पुढनं एकदम चकाचक हं, कॉफी मशीन, मोठा फिशटँक, सगळं! मी डिपॉझिट परत मागितलं, तो भडकला, असू दे म्हटलं. मोनॉक्साइड मोजायचं खिशातलं मीटर मिळतं, महाग आहे, खरं तुम्ही दोघं दर वर्षी असंच हिंडणार असाल तर अर्धे-अर्धे घालून घ्या.

नायट्रॉक्सचा (ऑक्सिजन वाढवलेल्या हवेचा) कोर्स केला नसेल तर त्या वाटेला जाऊ नको, केला असेल तर टँक तुझ्या समोर तूच मोजायचा, त्यानं मोजून लिहून ठेवलाय म्हणून चालत नाही. चिकटपट्टीवर टक्के, जास्तीत जास्त खोली, तारीख आणि तुझी सही. ऑक्सिजन ३२ टक्के असेल तर त्याच्या दाबाची मर्यादा १.४ बार ह्या हिशोबानं साधारण ३३ मीटरच्या खाली जायचं नाही. आणि साधी हवा मागितली असलीस तरी टँकवर हिरवा-पिवळा पट्टा दिसला तर विचार की आत काय आहे, एकाच रॅकमध्ये दोन्ही उभे असतात.

प्रेशर. घाईत भरलेला टँक हाताला गरम लागतो. गरम असताना गेजवर २०० दिसतं आणि तासाभरानं गार झाल्यावर १८५ च्या आसपास उतरतं. चोरी न्हवे, गॅसचा स्वभावच तसा, खरं काही दुकानं ह्याचाच फायदा घेतात आणि विचारलं तर तुमचं गेज खराब म्हणतात. गार टँकवर स्वतःच्या गेजनं बघ आणि मगच गाडीत टाक. हिशोब करून दाखवते म्हणजे कळेल. साधा ॲल्युमिनियमचा टँक ११.१ लिटरचा. वरती मिनिटाला २० लिटर ओढणारा माणूस २० मीटरवर तीनपट म्हणजे ६० लिटर ओढतो. २०० बारमधले ५० राखून ठेवले तर उरले १५० गुणिले ११.१, म्हणजे १६६५ लिटर, भागिले ६०, म्हणजे २७ मिनिटं. १६० चाच भरलेला टँक असेल तर २० मिनिटं. मावसभावाच्या टँकमध्ये २०० आणि तुझ्यात १६० असेल तर डाइव्ह २० मिनिटांची, संपला विषय, भाऊ कितीही रुसला तरी. आणि किनाऱ्यावरनं पोहत जायची साइट असेल तर परत पोहत यायचं आहे हे धरून निम्म्याच्या कितीतरी आधी वळायचं, साधा नियम म्हणजे एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश दोघांपैकी कुणाचं तरी काहीतरी बिघडलं तर.

पाण्यात पाय टाकायच्या आधीची एक गोष्ट मात्र रोज करायची, कंटाळा आला तरी. वॉल्व्ह पूर्ण उघडायचा. पूर्वी उघडून पाव फेरा मागं घ्या असं शिकवायचे, त्यातनं घोटाळा व्हायला लागला, लोक बंद करून पाव फेरा उघडायचे आणि वाटायचं उघडलाय. तो पाव फेरा वरती श्वासाला पुरतो, खाली गेल्यावर पुरत नाही. म्हणून रेग्युलेटर तोंडात धरून गेजकडं बघत तीन-चार लांब श्वास घ्यायचे. काटा जागचा हलला नाही तर ठीक, प्रत्येक श्वासाला काटा खाली जाऊन परत वर येत असेल तर वॉल्व्ह नीट उघडलेला नाही. बीसीडीचा (टँक अडकवायच्या हवेच्या जाकिटाचा) पट्टा टँकला आवळायच्या आधी भिजवून घे, कोरडा आवळला की पाण्यात ढिला पडतो आणि टँक सरकून पाठीवरनं लोंबायला लागतो, मग बडीनं, म्हणजे जोडीदारानं, मागं येऊन धरायचा, लई बेकार दिसतं.

वजनाचं पण लक्षात ठेव. ॲल्युमिनियमचा टँक भरलेला असताना बुडतो आणि संपत आला की तरंगायला बघतो, वर यायच्या आधीच्या सेफ्टी स्टॉपला पाच मीटरवर थांबता येत नाही ते ह्यामुळं. स्टीलचा तसं करत नाही. अंदमानला ॲल्युमिनियमवर जेवढं शिसं लावत होतास त्यातलं साधारण दोन किलो स्टीलवर कमी लागेल, खरं वेटसूट बदलला की सगळं परत मोजायचं.

आता बाली. मला विचारशील तर पेनिडा गाइडबरोबर कर आणि स्वतःचं स्वतः उतरायची हौस बालीतल्याच तुलांबेन गावाच्या किनाऱ्यावर भागव. तिथं लिबर्टी नावाचं अमेरिकन मालवाहू जहाज आहे, जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीनं टॉर्पेडो मारला, ओढत आणून किनाऱ्यावर चढवलं, तिथंच पडून होतं ते १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी फुटला तेव्हा परत पाण्यात घसरलं. आता किनाऱ्यापासून चालत जाऊन पोहोचण्याएवढ्या अंतरावर आहे, वरचा भाग पाचेक मीटरवर आणि खालचा तीसच्या आसपास. बोट नको, काही नको. टँक वाहायला तिथल्या गावातल्या बायका असतात, एकेक टँक डोक्यावर घेऊन त्या गोल गुळगुळीत काळ्या धोंड्यांवरनं अशा चालतात की आपण नुसतं बघत राहायचं, त्यांना त्यांचे पैसे दे, मी तरुण आहे मीच उचलतो असली मर्दुमकी नको, त्या धोंड्यांवर घोटा मुरगळला की सुट्टी संपली. लाट येऊन गेली की आत शिरायचं, फिन्स कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर घालायच्या. दक्षिणेकडनं गाड्या भरून लोक नऊ-दहाच्या सुमाराला येतात, त्याच्या आधी उजाडताना उतरा. जहाजाच्या आत मात्र शिरायचं नाही, त्याचं ट्रेनिंग वेगळं असतं आणि ते तुम्ही घेतलेलं नाही.

तिथं पण पहिल्या दिवशी एक डाइव्ह गाइडबरोबर कर असं माझं मत. पैसे जातात, जाऊ देत. गाइड म्हणजे मासे दाखवणारा माणूस असं तुम्हाला वाटायलंय. तो करंट बघतो, हवा विचारतो, परत यायची वाट लक्षात ठेवतो, वर आल्यावर बोटी कुठनं येतात ते बघतो, कुणाला फोन करायचा ते त्याला पाठ असतं. तो नसला की ही सगळी कामं तुम्हा दोघांच्या डोक्यावर येतात आणि मासे बघायचे राहून जातात. एक दिवस त्याच्या मागं फिरून तो काय काय करतो ते बघून घ्या, मग दुसऱ्या दिवशी टँक घ्या. बरीच दुकानं हीच चेक डाइव्ह धरतात, म्हणजे दोन्ही कामं एकात. जवळचं चेंबर कुठं आहे आणि तिथला इमर्जन्सी नंबर काय हे दुकानातनं लिहून घ्या, सिग्नलचा फुगा आणि रीळ दोघांकडं स्वतःचं पाहिजे.

बोनेअरचं स्वप्न चांगलं आहे, ह्या असल्या डाइव्हिंगची ती पंढरीच. टँक भाड्यानं घेऊन आपलं आपण जायचं हा तिथला नेहमीचा धंदा आहे, कुणी डोळे वटारत नाही. पिकअप गाडी भाड्यानं घ्यायची, दुकानात गाडी आत घालून रिकामे टँक उतरवायचे, भरलेले चढवायचे, रस्त्याकडंला पिवळे रंगवलेले दगड असतात त्यांवर साइटची नावं, गाडी लावली की समोर समुद्र. खरं तिथं सुद्धा आधी मरीन पार्कची फी भरायची, मग दुकानाजवळ एक ओरिएंटेशन डाइव्ह करायची आणि मगच मोकळं सोडतात. पार्क १९७९ पासूनचा आहे, नियम कडक, हातमोजे घालायला बंदी, कारण मोजे असले की माणूस प्रवाळाला धरतो. गाडीत पाकीट, फोन काही ठेवायचं नाही, लोक काचा उघड्याच ठेवून जातात म्हणजे कुणी फोडायला नको. युरोप जवळ पडत असेल तर माल्टा पण बघ, तिथं गाइडशिवाय उतरायला ॲडव्हान्स्डचं कार्ड लागतं, ते तुमच्याकडं आहेच, आणि टँक बहुतेक स्टीलचे.

परत करताना टँक पूर्ण रिकामा करून देऊ नको, वीस-तीस बार तरी आत राहू दे, नाहीतर आत दमट हवा शिरते आणि मग दुकानाला उघडून तपासावा लागतो, त्याचे पैसे तुझ्याकडनं घेतील. गाडीत आडवा ठेवून दोन्ही बाजूंनी अडवायचा, उभा ठेवून वळणावर पडला आणि वॉल्व्ह आपटला तर काय होतं हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आईला आजच सांग. तो दुकानाचा फॉर्म भरशील त्यात इमर्जन्सी कॉन्टॅक्टचा रकाना असतो, तिथं तू आईचाच नंबर टाकणार, आणि परक्या देशातनं इंग्रजीत फोन आला तर त्या माउलीनं काय समजायचं? नाहीतर दादाचा नाहीतर मामाचा टाक, ज्याला प्लॅन माहीत आहे आणि ज्याच्याकडं इन्शुरन्सच्या कागदाचा फोटो आहे त्याचा.

आणि गोव्याचं. सराव करतोयस हे चांगलं, मालवण पण चाललं असतं. त्याच संध्याकाळी चोर्ला चढायचं मात्र रद्द कर. डाइव्हनंतर विमानात बसायचा नियम तुला पाठ असेल, एक डाइव्ह असेल तर १२ तास आणि जास्त असतील तर १८ तास थांबायचं. हा नियम ६०० मीटरपासनं वरच्या उंचीच्या दाबासाठी आहे. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. नियम लिहिलाय विमानासाठी, खरं शरीराला विमान काय आणि घाट काय, हवेचा दाब कमी झाला एवढंच कळतं. आपल्याकडची कितीतरी मंडळी सकाळी गोव्याच्या ग्रँड आयलंडला दोन डाइव्ह मारून रात्री जेवायला घरी असतात आणि काही होत नाही म्हणून छाती ठोकून सांगतात. तू त्यांचं ऐकू नको, शनिवारी दुपारपर्यंत डाइव्ह संपव, रात्री पणजीत राहा, रविवारी सकाळी निवांत नाश्ता करून नऊ-दहाला निघ, जेवायला अनगोळात.

वीस प्रश्नवाल्याचं उत्तर आलं की मला पाठव, टँक कुठल्या मापाचा देतोय आणि चेक डाइव्हचे किती घेतोय ते बघून सांगते.